खुडणीचा हात

अभिषेकनं जुडीतली दोन पानं तोडली, चोळली आणि मेघनाच्या नाकासमोर धरली.

"घ्या ताई, तुम्हीच घ्या वास."

लोअर परळच्या त्या हॉटेलाचं मागचं दार म्हणजे नुसती घाण होती. कचऱ्याच्या डब्यांतून गळणारं पाणी चपलेखाली पचपचत होतं. कोळंबीची सालं सडून त्यांचा दर्प भिंतीला चिकटला होता. कडेवरच्या जुईचं तोंड मेघनानं ओढणीनं झाकून घेतलं आणि स्वतः ती पानं हुंगली. बेझिल म्हणजे आपल्या सब्जाचीच बहीण. तिचा वास मेघनाला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता आला असता : गोडसर, थोडा मिऱ्याचा झटका, मागे लवंगेची चाहूल. या पानांना ओल्या गोणपाटाचा वास होता, आणि त्याच्या पोटातून औषधाच्या दुकानासारखं काहीतरी उग्र येत होतं.

"शेफ बोलला, कापूर टाकला काय सॉसमध्ये? आणि हे बघा." अभिषेकनं पान उलटं केलं. हिरव्यावर पिवळे चट्टे, कडा आत वळलेल्या, मधेच फोड आल्यासारखा फुगवटा. देठाशी मावा बसला होता. त्याच्या बोटाखाली तो चिरडला आणि हिरवट चिकटा उरला. अभिषेकनं बोट ॲप्रनला पुसलं. "चांगला माल आला तर आणा. नाहीतर नका येऊ. मी पण इथं नोकरच आहे ना ताई."

नकार पिशवीत भरून मेघना वडाळ्याला निघाली.

रेल्वे यार्डाच्या भिंतीलगत, मिठागराच्या अलीकडे, तिच्या सासऱ्याचा, गुणाजीचा मळा होता. मळा म्हणजे काय, भिंत आणि नाला यांच्यामधला एक पट्टा. मिल बंद पडली तेव्हा लालबागच्या चाळीतले कितीतरी पुरुष खाटेवर आडवे झाले ते झालेच. गुणाजीनं मात्र ओळखीतून हा पट्टा कसायला घेतला, एक जुनी विहीर उपसली आणि तुळस लावली. दादरच्या फुलबाजारात हारवाल्या बायका त्याची तुळस वासावरून ओळखायच्या. बेझिलचे वाफे मेघनाच्या डोक्यातून निघालेले. वनस्पतीशास्त्र शिकून पोर कडेवर घेऊन घरी बसलेल्या सुनेनं कधीतरी तोंड उघडलं होतं, आणि सासऱ्यानं ते ऐकलं होतं. म्हणून तर आजचा नकार तिला जास्त झोंबत होता.

गुणाजी वाफ्यात उकिडवा बसला होता. डाव्या तळव्यावर तंबाखू, त्यावर चुन्याचं बोट, आणि उजव्या अंगठ्यानं तो मळत होता. चिमूट ओठाखाली गेली. हात झटकले. मग त्याच अंगठ्याचं नख पुढच्या रोपाच्या शेंड्याला लागलं आणि टचकन शेंडा खुडला. मग पुढच्या रोपाचा. शेंडा खुडला की रोप बाजूंनी फुटतं, डेरेदार होतं. हे काम मळ्यात दुसरं कुणी करायचं नाही असा दंडक होता. मेघनाची सासू जाईबाई चाळीत अभिमानानं सांगायची, "आमच्या ह्यांच्या हाताक गुण आसा. नखान खुडल्यानी की झाड हसता."

त्या नखाकडे मेघनाला बघवत नसे. चिरलेलं, जाड, कडेनं काळं, आणि आत तंबाखूचा तपकिरी गाळ भरलेला. संध्याकाळी तेच नख जुईच्या हनुवटीखाली गुदगुल्या करायचं. मेघना मग काहीतरी निमित्त काढून पोरीचं तोंड पुसायची.

"काय म्हणालो तो हॉटेलवालो?" गुणाजीनं बाजूला पिंक टाकली. ती वाफ्याच्या कडेला पडली आणि हळूहळू मातीत उतरली.

"नको म्हणाला. वास फिरलाय."

"फिरतलोच. मावो इलो की वास जाता. आज दुप्पट पाणी मारतंय."

पाणी म्हणजे तंबाखूचं. विहिरीशेजारच्या निळ्या पिंपात तो तंबाखूच्या काड्या आणि चुरा भिजत घालायचा. उकळायचा नाही, नुसता मुरवायचा. झाकण काढलं की वर फेस, त्यात बुडालेल्या माश्या, आणि असा वास की मळमळून यावं. ते पाणी फडक्यातून गाळून तो झाडांवर शिंपडायचा. मावा मरायचा, हे खरं होतं. पण थोड्या दिवसांनी पुन्हा यायचा, आणि पानं आधीपेक्षा वाकडी यायची. मग गुणाजी पाणी जास्त कडक करायचा.

मेघनानं थोडी पानं, चट्ट्यांची आणि बरी दिसणारी, वेगवेगळ्या पिशव्यांत घातली. कादंबरी तिची कॉलेजातली मैत्रीण, आता तिथंच शिकवत होती. पानं तिच्या हाती दिली तेव्हा कादंबरीनं भिंगाखाली धरून एकदाच "अरे देवा" म्हटलं आणि म्हणाली, "चंदनबटव्याच्या रोपावर रस चोळून बघते, लागट रोग असेल तर त्याच्या पानांवर डाग उमटतात. डाग पडले की फोन करते. तोवर काही उपटू नका."

तोवर मळा थांबणार नव्हता. बेझिल बसत चाललं, आणि एके दिवशी जाईबाई तुळशीच्या वाफ्यातून एक फांदी घेऊन चाळीत आली. गणपती तोंडावर आले होते. खाली मंडपाचे बांबू ठोकले जात होते. फांदीवर तेच पिवळे चट्टे होते. पानं अरुंद होऊन दोऱ्यासारखी लोंबत होती.

जाईबाईनं फांदी ओट्यावर ठेवली आणि आवाज खाली आणला.

"मेघना, खरा सांग. भायरची असताना तुळशीत गेललंस?"

मेघनाला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि कानशिलं तापली.

"आई, काहीतरीच काय!"

"काहीतरी नाय. तुळस सोसत नाय ता. माका ठावक आसा, तुमी शिकलेली पोरी पाळनास नाय. पण झाड कळता."

"झाडाला रोग झालाय आई. त्याचा माझ्याशी काय संबंध?"

"रोग खयसून इलो मगे? इतक्या वर्सांत कधी इलो नाय. तू येवक लागलंस आणि इलो." जाईबाईनं फांदी उचलली आणि ओट्यावरची जागा ओल्या फडक्यानं पुसली. जणू मेघनाचा हात तिथं लागलेला होता. "माझ्यावर राग धरू नको. पण त्या दिसांत तू वाटेवर उभी ऱ्हव. आत पाय टाकू नको."

त्या आठवड्यात मेघनाची पाळी आली, आणि ती खरोखरच वाटेवर उभी राहिली. भांडायचं बळ नव्हतं. शिवाय जुई खोकत होती, रात्ररात्र झोपत नव्हती, आणि वाद घालायला अंगात रक्त लागतं. जाईबाईनं वाफ्याच्या तोंडाशी चुन्याची फक्की टाकून रेघ ओढली होती. रेघेच्या या बाजूला मेघना, ओढणी अंगाशी आवळून, कुठल्या पानाला कापड लागू नये म्हणून कोपर आत घेऊन. नाल्याचा वास सुटलेला. मागून मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळत होते. आणि रेघेच्या त्या बाजूला सासरा तंबाखू मळत होता, थुंकत होता, खुडत होता.

तिथंच तिला कादंबरीचा फोन आला.

"मेघना, डाग पडले. अगदी टिपिकल. मला एक सांग, तुमच्याकडे तंबाखू कोण खातं?"

समोर गुणाजीच्या अंगठ्यानं आणखी एक शेंडा खुडला.

"ऐकतेयस ना? तंबाखूचाच विषाणू आहे. वाळलेल्या तंबाखूतसुद्धा वर्षानुवर्षं टिकून राहतो. मळणारा हात झाडाला लागला, नखानं जखम झाली, की शिरला आत. मग त्याच नखानं पुढच्या झाडात."

"आणि तंबाखूचं पाणी?"

"भिजवलेलं? न उकळता? तुम्ही औषध म्हणून रोगच शिंपडताय गं."

"वास का फिरला मग?"

"पानावर तेलाचे बारीक फुगे असतात, आठवतं ना? आपण प्रॅक्टिकलला मोजायचो. झाड आपली साखर खर्चून त्यात तेल भरतं. आता आतला कारखाना विषाणूनं ताब्यात घेतलाय. हिरवा रंग करायला बळ नाही, तेल करायला नाही. जे थोडंफार तेल होतं त्याचं मिश्रणच बदलतं. गोड भाग जातो, उग्र उरतो. आणि दुबळ्या झाडावर मावा बसणारच."

मेघनानं आवाज आणखी खाली आणला. "जुई इथं खेळते. तिला काही..."

"विषाणूनं नाही होत माणसाला. झाडाचा रोग झाडाला. पण त्या पाण्याची पानं पोरीच्या तोंडात जाऊ देऊ नकोस, ते विष आहे. आणि सगळं उपटा, मुळांसकट. नवीन लावाल तेव्हा साबणानं हात घासा, नाहीतर खुडताना दुधात बोटं बुडवत राहा. हसू नकोस, दुधानं हा खरंच निकामी होतो."

हसायचं मेघनाच्या मनातही नव्हतं. फोन ठेवला तरी ती त्या अंगठ्याकडेच बघत होती. विटाळ, म्हणे! पायाशी पांढरी रेघ होती, आणि ती नेमकी चुकीच्या माणसासमोर ओढलेली होती. पण हे सांगायचं कुणी? रात्री जेवताना तिनं नवऱ्याला, जयवंतला, हळूच सांगून बघितलं.

"बाबांना सांगू, तुमच्या हातानं मरतंय म्हणून?" जयवंत घास घेता घेता थांबला. "वेडी आहेस काय? मिल गेली तेव्हा माणूस गेला नाही, कारण तो मळा होता. आता हात पण काढून घेऊ?"

"सगळी तुळस जाईल जयवंत."

"मग तू सांग. शिकलीयेस ना तू."

ती सांगणार होती. उद्या सांगू, शांतपणे सांगू, आईंच्या समोर नको. असं म्हणता म्हणता सकाळ उजाडली, आणि जाईबाई जुईला घेऊन पुढं मळ्यावर निघूनही गेली. मेघना धुणं टाकून मागोमाग पोचली.

रेघेशी येऊन तिनं बघितलं. गुणाजीच्या मांडीवर जुई बसली होती. पिंपाचं झाकण उघडं होतं. पानांवर तपकिरी थेंब अजून ओले होते. जुई खोकली.

"खोकता गो माजी बाय," गुणाजी म्हणाला. नखानं तुळशीचा एक कोवळा शेंडा त्यानं खुडला, सदऱ्याला पुसल्यासारखा केला आणि पोरीच्या ओठाशी नेला. "घे. चाव. तुळशीन खोकलो पळता."

जुईनं तोंड उघडलं.

रेघ कधी ओलांडली ते मेघनाला कळलं नाही. वाफा तुडवत ती गेली, पोर ओढून घेतली, आणि तिच्या तोंडात बोट घातलं. गालात, जिभेखाली, टाळूशी. चोथा झालेली दोन पानं बाहेर आली, लाळेत बरबटलेली, तंबाखूच्या कडवट वासाची. जुईला उमासा आला. सकाळचं दूध भसकन बाहेर पडलं. दह्यासारख्या गाठी झालेलं, आंबूस, कोमट. अर्धं मेघनाच्या ओढणीवर, अर्धं गुणाजीच्या पुढं आलेल्या हातावर.

"गो मेघना!" जाईबाई विहिरीकडून ओरडली. "भायरची असान आत इलंस! तुळशीत इलंस!"

"हो, आले!" मेघनाचा आवाज तिला स्वतःलाच ओळखू आला नाही. "माझ्यानं काही मेलं नाही आई. ह्यांच्या हातानं मरतंय सगळं! तंबाखूचा रोग आहे तो. मळतात, थुंकतात आणि त्याच नखानं खुडतात. प्रत्येक झाडाला ह्यांनी लावलाय. आणि वरून तेच घाण पाणी! तोच हात पोरीच्या तोंडात घालता तुम्ही? तोच?"

भिंतीपलीकडून डबे आदळल्याचा आवाज आला. जाईबाईनं कधी नवऱ्याकडे, कधी सुनेकडे बघितलं.

गुणाजी आपल्या हाताकडे बघत होता. दुधाच्या गाठी बोटांमधून ओघळत होत्या. त्यानं हात पुसला नाही, तसाच पुढं धरून ठेवला.

"माज्या हातान?" त्यानं विचारलं.

जुईला जाईबाईकडे देऊन मेघनानं त्याला मनगटाला धरून विहिरीशी नेलं. लहान मुलाला नेतात तसं. हे आपण काय करतोय ते तिला दिसत होतं, पण थांबता येत नव्हतं. कपड्यांचा साबण आणि काथ्याचा बोळा घेऊन ती घासू लागली. तळव्याच्या भेगा, नखांची मुळं, अंगठ्याची खाच. तपकिरी पाणी निघालं, मग हिरवट काळं, मग पुन्हा तपकिरी. जन्मभर सूत ओढलेले ते हात तिच्या हातात मऊ, निर्जीव पडले होते. म्हातारा मान खाली घालून होता. एकदाही त्यानं हात मागं ओढला नाही. काथ्यानं नखाशी रक्त आलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "जाता गो? नखातला जाता काय?"

ती घासत राहिली.

मळा त्यानं एकट्यानं उपटला. जयवंत मदतीला येतो म्हणाला, त्याला नको म्हणाला. एकेक रोप मुळासकट ओढायचं, माती झटकायची, गोणीत कोंबायचं. गोण्यांत पानं कुजून गरम झाली. त्यांतून तोच फिरलेला वास येऊ लागला आणि आजूबाजूला माश्या घोंगावू लागल्या. मेघनानं हातमोजे आणून दिले होते, ते विहिरीच्या कठड्यावर तसेच पडून होते.

"मेल्यात ती," गुणाजी तिच्याकडे न बघता म्हणाला. "आता माजो हात लागलो तर चलात मा?"

त्या साली गणपतीत दादरच्या हारवाल्या बायका विचारत राहिल्या, आजोबा कुठं, तुळस कुठं. जाईबाई त्यांना सांगायची, ह्यांची तब्येत बरी नाही. चुन्याची रेघ कधीतरी पावसात वाहून गेली आणि पुन्हा कुणी ओढली नाही. मेघनाला कुणी काही म्हटलं नाही. चूक झाली असंही कुणी म्हटलं नाही.

दसऱ्यानंतर माती पुन्हा खोदली, नवं बी टाकलं. पिंप भंगारात गेलं. रोपं गुडघ्याशी आली तसा शेंडे खुडायचा दिवस आला. जाईबाईनं पितळी वाडग्यात दूध आणलं. साबणाचं तिला फारसं पटलं नव्हतं, पण दुधाला तिची हरकत नव्हती. तुळशीला दूध हे तिच्या समजुतीत बसत होतं.

मेघनानं वाडगा पहिल्यांदा सासऱ्यासमोर ठेवला.

"बाबा, बोटं बुडवा आणि खुडा. आता काही होत नाही."

गुणाजी पालथ्या बादलीवर बसला होता. हात काखेत घातलेले. तंबाखू त्यानं सोडली नव्हती. पण मळ्याच्या बाहेर, रस्त्यावर जाऊन खायचा, आणि आत येताना साबण लावायचा. कातडी पांढरी पडून सोलवटली होती.

"तूच खुड," तो म्हणाला. "मी सांगतंय. वरची दोन पानां सोड, तेच्या खाली. नख लाव. ओढू नको, नख लाव."

मेघना खुडत गेली. बोटं दुधात, मग शेंडा, मग दुधात. उन्हानं दूध नासलं. त्यात पानांचे तुकडे आणि मातीचे कण तरंगू लागले. बोटांवर वाळलेल्या दुधाचा आंबट, शिळा वास आणि त्याखाली तुळशीचा खरा, तिखट वास. नवी पानं निरोगी होती. तिच्या अंगठ्याचं नख रसानं कडेनं काळं पडलं होतं.

जाईबाईचं बोट सोडून जुई दुडदुडत आजोबाकडे निघाली. आताशा ती पडत नव्हती. बादलीपाशी पोचून तिनं दोन्ही हात वर केले.

"आबा, घे."

गुणाजीनं हात काखेतून काढले नाहीत. विहिरीवरच्या त्या दिवसापासून त्यानं पोरीला उचललं नव्हतं. चाळीत ती जवळ आली की तो उठून गॅलरीत जायचा. मेघनाला ते दिसत होतं, आणि आपल्याला हेच हवं होतं हेही ती विसरली नव्हती.

"आबा!"

त्यानं मेघनाकडे बघितलं. मग वाडग्याकडे. मग सावकाश वाकून दोन्ही हात मनगटापर्यंत त्या नासक्या दुधात बुडवले. बोटं एकमेकांत घालून, नखं चोळून, पुन्हा बुडवले. रोपांना हात लावण्याआधी करायचं म्हणून तिनंच सांगितलं होतं, तसं सगळं नीट केलं. हात वर काढले तेव्हा कोपरांपर्यंत दूध ओघळत होतं. त्या हातांनी त्यानं जुईला उचललं.

फ्रॉकवर पांढरे ओले पंजे उमटले. एक माशी येऊन त्यावर बसली. जुई खिदळली, तिनं त्याचा अंगठा दोन्ही मुठींत धरला आणि सरळ तोंडात घातला.

मेघनाच्या घशाशी आंबट पाणी आलं. गुणाजी अंगठा न हलवता, श्वास रोखून, तिच्याचकडे बघत होता.

तिनं ते पाणी गिळलं, बोटं वाडग्यात बुडवली आणि पुढचा शेंडा खुडला.